मुलं सांभाळणारं गाव

फ्रान्सहून आले म्हटल्यावर आमच्या भिशीतल्या सगळ्याजणींची एकच घाई, "आयफेल टॉवरचे फोटो दाखव ना!" पॅरिस आम्ही दोन दिवसांत उरकलं होतं. फोटो दाखवले, कौतुक झालं. पण माझ्या मनात घर करून बसलंय ते डोंगरातलं जेमतेम अडीच हजार वस्तीचं एक गाव. नाव लांबलचक आहे, ल शांबों-सुर-लिन्यों. लिन्यों नावाच्या लहानशा नदीकाठचं शांबों. आपण नुसतं शांबों म्हणू या.

माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त ल्योंला असतो. तिथून गाडीनं दोनेक तासांवर हे गाव. "तिथं पाहण्यासारखं काही नाहीये गं ताई," असं तो दहादा म्हणाला. पण मी या गावाबद्दल वाचलं होतं आणि हट्ट धरून बसले होते.

गाव जवळजवळ हजार मीटर उंचीवर, पठारावर आहे. भोवती पाइनची जंगलं आणि हिरवी कुरणं. फ्रान्सची सर्वांत लांब नदी ल्वार, तिचा उगमही या भागापासून फार दूर नाही. ऑगस्टमध्ये हे सगळं चित्रासारखं दिसतं, पण हिवाळ्यात इथं 'ब्यूर्ल' नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. तो बर्फ उडवून रस्त्यांवर असे ढीग लावतो की घराबाहेर पडणं मुश्कील. म्हणून घरं करड्या ग्रॅनाइटची, जाड भिंतींची आणि बारक्या खिडक्यांची. जमीन खडकाळ. राय नावाचं धान्य, बटाटे आणि गाईचं दूध, एवढ्यावर पूर्वीच्या शेतकऱ्याचा संसार. एवढ्यात भागायचं कसं?

इथं बायकांचा हिशेब सुरू होतो. डोंगराखाली सेंत-एतिएन हे कोळशाच्या खाणींचं, धुरानं काळवंडलेलं शहर. तिथल्या लुई कोंत नावाच्या पाद्रीनं 1893 मध्ये एक संस्था काढली. कामगारांची अशक्त मुलं उन्हाळ्यात डोंगरावरच्या शेतकरी कुटुंबांत राहायला पाठवायची, असं तिचं काम. मुलांना स्वच्छ हवा आणि दूध मिळे, घरच्या बाईच्या हातात चार पैसे पडत. पुढे 1902 मध्ये छोटी रेल्वे आली आणि पाहुणे वाढले. काही घरांची 'पांस्यों' झाली, म्हणजे राहण्याजेवणाची सोय असलेली घरगुती वसतिगृहं. परक्यांच्या मुलांना जेवू घालणं, अंथरूण देणं, आजारपण काढणं हा गावचा धंदाच झाला म्हणा ना! क्षयानं आजारलेला लेखक आल्बेर काम्यू 1942 मध्ये याच हवेसाठी गावाजवळच्या पानलिये या वस्तीत येऊन राहिला. तिथं तो 'प्लेग' ही कादंबरी लिहीत होता.

गावाचा स्वभाव समजायला आणखी मागं जावं लागतं. फ्रान्स कॅथलिकांचा देश, शांबों मात्र प्रोटेस्टंटांचं. 1685 मध्ये चौदाव्या लुई राजानं प्रोटेस्टंट पंथावर बंदी घातली. पुढची शंभर वर्षं या लोकांनी रानावनात लपून प्रार्थना केल्या. याच व्हिव्हारे भागातली मारी द्युरां ही मुलगी 1730 मध्ये तुरुंगात गेली. धर्म सोडते म्हणाली असती तर सुटली असती. नाही म्हणाली, आणि 38 वर्षांनी बाहेर आली. अशा आजी-पणज्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या घरांना दारावर आलेल्या पोलिसाला खरं सांगायचं की नाही, हे शिकवावं लागत नाही.

आता 1940 सालाकडे येऊ. फ्रान्स जर्मनीपुढे हरला. व्हिशीच्या फ्रेंच सरकारनंच ज्यू लोकांविरुद्ध कायदे केले. गावचे पाद्री आंद्रे त्रोक्मे यांनी चर्चमध्ये सांगून टाकलं की, सद्सद्विवेकावर जबरदस्ती होईल तिथं आपण विरोध करायचा, पण शस्त्र न उचलता. त्यांची बायको माग्दा इटलीतली, फ्लॉरेन्सची. त्या हिवाळ्यात बर्फात भिजलेली एक जर्मन ज्यू बाई तिच्या दारात उभी राहिली. माग्दानं तिला आत घेतलं, चुलीपाशी बसवलं आणि तिचे ओले बूट वाळायला ओव्हनमध्ये ठेवले. मग कागदपत्रांची काही सोय होते का बघायला मेयरकडे धावली. मेयर म्हणाला, घालवून द्या तिला. परत येऊन बघते तर बूट जळून कोळसा! रेशनिंगचे दिवस, बूट आणायचे कुठून? गावभर हिंडून तिनं दुसरे मिळवले. मला ही माग्दा फार जवळची वाटते. आपलंही असंच होतं ना, चांगलं करायला जावं आणि दूध उतू जावं!

पुढे शेकड्यांनी माणसं आली, त्यांत मुलं पुष्कळ. क्वेकर आणि स्विस संस्थांनी खर्च उचलला आणि गावात मुलांची घरं सुरू झाली. कोणी 1938 मध्ये स्थापन झालेल्या शाळेत बसली, कोणी दूरच्या शेतांवर राहिली. उन्हाळ्यात शहरी मुलं येणं गावाला नवीन नव्हतंच, त्यामुळे चार नवे चेहरे कोणाच्या डोळ्यांवर येईनात. खोटी ओळखपत्रं तयार होत. त्यांचं सामान एका शेतकऱ्यानं मधमाश्यांच्या पेट्यांत लपवलं होतं. ऑगस्ट 1942 मध्ये पोलीस बस घेऊन आले, शोध घेतला आणि जवळजवळ रिकाम्या हातांनी परतले. आजूबाजूच्या गावांतले कॅथलिकही यात होते, हे सांगायला हवं.

13 फेब्रुवारी 1943 ला पाद्रीसाहेबांना पकडायला पोलीस आले. स्वयंपाक झालेला होता. माग्दानं त्या पोलिसांनाही जेवायला बसवलं! बातमी फुटली तसे लोक मेणबत्त्या, माशांचा डबा असं जे घरात होतं ते घेऊन धावले. पाद्री महिनाभरानं सुटून आले. पण सगळेच परतले नाहीत. त्यांच्या नात्यातला दानिएल त्रोक्मे मुलांचं घर सांभाळायचा. जून 1943 मध्ये त्याला विद्यार्थ्यांबरोबर धरून नेलं. पळून जायची संधी असून तो मुलांकडेच गेला. एप्रिल 1944 मध्ये तो मायदानेकच्या छळछावणीत वारला.

चर्चसमोर 2013 पासून याचं संग्रहालय आहे. तिथं फिरताना भाऊ म्हणाला, "पण मुलं ठेवायचे पैसे घेत होते ना हे लोक?" हो, संस्थांकडून बऱ्याच घरांना मुलांचा खर्च मिळायचा. मला त्यात उणं काही दिसत नाही. आमच्या सासूबाई वार लावून जेवणारी मुलं बघायच्या, पैसे घेत नसत. शेजारच्या काकू खाणावळ चालवायच्या, पैसे घेत. ताप आला की पोरगं काकूंकडेच जाऊन निजायचं. आणि शांबोंमध्ये महिन्याच्या त्या पैशांपुढे घरधन्याचा जीव लावलेला होता. कोणत्या धंद्यात असा भाव मिळतो? किती माणसं वाचली याचा पूर्वी पाच हजार असा आकडा सांगत. नंतरच्या संशोधकांनी तो बराच खाली आणला. 1990 मध्ये इस्राएलच्या याद वाशेम संस्थेनं शांबों आणि शेजारच्या गावांचा एकत्रित सन्मान केला.

ती जुनी शाळा 2014 मध्ये बंद पडली. रेल्वेची रोजची फेरी तर कधीच थांबली, आता उन्हाळ्यात पर्यटकांसाठी गाडी धावते. शेती थोडी, पाहुण्यांचा धंदा अजून आहे. बाजारात रानातली जांभळी ब्लूबेरी विकायला होती, आम्ही पाव किलो घेतली आणि नदीकाठी बसून जीभ जांभळी होईस्तोवर खाल्ली.

तिथंच भावानं मोबाइलवर एक बातमी शोधून दाखवली. व्हिएन्नाहून आईवडिलांबरोबर आलेला एक मुलगा 1943 मध्ये या गावात पोचला, वाचला, मोठा होऊन औषधतज्ज्ञ झाला. डिसेंबर 2020 मध्ये, नव्वदीत, तो गेला. मृत्युपत्रात त्यानं आपली मालमत्ता गावाला लिहून दिली होती, सुमारे वीस लाख युरोंची. अट एवढीच, की ती मुलांच्या शिक्षणासाठी वापरावी.