कचेरीतील यंत्र आणि घरातील छायाचित्रे

ज्या बहुकार्यी यंत्रावर कचेरीत दिवसभर अर्ज, पावत्या आणि दाखले यांच्या नकला निघतात, त्याच यंत्राच्या काचेवर आजी-आजोबांच्या लग्नाचे छायाचित्र ठेवून त्याची उत्तम प्रत संगणकात उतरवता येते. मात्र यंत्राची मूळ तजवीज दस्तऐवजांसाठी असल्याने, अक्षरे ठळक आणि कागद शुभ्र करण्याच्या भरात ते चेहऱ्यावरील कोमल छायाभेद पुसून टाकते, म्हणून प्रथम ‘टेक्स्ट’ऐवजी ‘फोटो’ हा पर्याय निवडावा. वरच्या फीडरमध्ये छायाचित्र कदापि घालू नये: त्याचे रूळ जुना कागद मोडतात, आणि त्याच्या चिंचोळ्या काचेवर धुळीचा एक कण असला तरी साऱ्या चित्रावर रेघ उमटते.

सूक्ष्मता ६०० डीपीआय ठेवली, की ४ × ६ इंचांचे छायाचित्र २४०० × ३६०० म्हणजे सुमारे ८६ लाख बिंदूंत साठते. १२०० चा अट्टाहास माझ्या मते व्यर्थ होय, कारण सामान्य छापील प्रतीत तितका तपशील मुळातच नसतो. अशा पुष्कळ यंत्रांत सीआयएस जातीचा संवेदक असतो आणि त्याची दृष्टी काचेला टेकलेल्या वस्तूपुरतीच स्वच्छ असते. सबब, कडा वळलेले छायाचित्र आधी स्वच्छ कागदांत घालून जड ग्रंथाखाली सपाट करावे. स्कॅनची मूळ प्रत पीडीएफमध्ये नव्हे, टिफमध्ये जतन करावी.

आणि छायाचित्राच्या पाठीवर कुणाच्या हस्ताक्षरात नाव, गाव, तिथी लिहिलेली असेल, तर ती बाजूही अवश्य स्कॅन करा.