वळिवड्यातले पोलिश गाव आणि आमचे गायरान

लग्नाचा बस्ता बांधायला आमच्या फलटण भागातले लोकही कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला जातात. घाऊक कापडाची ती मोठी पेठ. एका नातलगाच्या बस्त्यासाठी आम्हीही गेलो होतो. बायामाणसे साड्यांच्या ढिगात रमली आणि आम्ही दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो. या जागी पूर्वी पोलंडच्या लोकांचे गाव होते, असे दुकानातल्या पोराला सांगितले, तेव्हा तो हसला. त्याचा दोष नाही. शाळेत आम्हालाही हे कुणी शिकवले नव्हते.

१७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडमध्ये घुसल्या. फेब्रुवारी १९४० पासून तिथल्या लाखो लोकांना मालगाड्यांत कोंबून सैबेरियात आणि मध्य आशियात मजुरीला हाकलले. १९४१ मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केला तेव्हा स्टालिनला पोलिश सैनिकांची गरज भासली आणि या कैद्यांची सुटका झाली. पुरुष सैन्यात गेले. बायका, पोरे, म्हातारी माणसे इराणमार्गे कराचीला उतरली. जामनगरजवळ बालाचडीला अनाथ मुलांची छावणी १९४२ मध्येच निघाली होती. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीत आजारी मुलांची सोय झाली. कुटुंबांसाठी मात्र मोठी जागा हवी होती. ती कोल्हापूर संस्थानात, मिरज-कोल्हापूर रेल्वेलगत, पंचगंगेच्या काठच्या वळिवडे गावाजवळ मिळाली. १९४३ मध्ये तिथे सुमारे पाच हजार माणसे राहायला आली.

छावणी म्हटले की तंबू आणि रांगा डोळ्यांपुढे येतात. वळिवडे तसे नव्हते. दगडी जोत्यावर लांब चाळी, चटयांच्या भिंती, वर कौले आणि दर कुटुंबाला स्वतंत्र खोल्या, स्वयंपाकघर, पुढे ओसरी. प्राथमिक शाळा होत्या, माध्यमिक शाळा होती, हातच्या धंद्यांचे शिक्षण होते. दवाखाना, चर्च, नाटकाचा रंगमंच, सिनेमा, मुलांची स्काउट पथके सगळे होते. कारभार पोलिश लोकांकडेच होता. खर्च लंडनमधले परागंदा पोलिश सरकार करी. कुटुंबांना भत्ता मिळे आणि तो पैसा आसपासच्या गावांत फिरे. भाजी, दूध, अंडी घेऊन शेतकरी छावणीच्या वाटेवर येत. पोलिश पोरे बाजारापुरते मराठी शिकली आणि भाजीवाले पोलिश आकडे शिकले. काही पोलिश मुलींनी इथेच संसार मांडले.

अलीकडे या गोष्टीची उजळणी होऊ लागली आहे. २०१९ मध्ये कोल्हापुरात पोलिश पाहुणे आले, समारंभ झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकाला फुले वाहिली. चांगले झाले. पण सारे श्रेय एखाद्या महाराजांच्या औदार्याला देण्याची जी हौस आहे, ती इतिहासाला धरून नाही. छत्रपती राजाराम महाराज १९४० मध्येच वारले होते. गादीवर दत्तक बालक होते आणि कारभार राजप्रतिनिधी मंडळाचा होता. ब्रिटिश सरकार, संस्थान आणि लंडनचे पोलिश सरकार या तिघांनी कागदावर ठरवून, पैसा मोजून हे गाव वसवले. सरकारच्या मनात आले की गाव उभे राहते, हा या गोष्टीचा खरा गाभा आहे.

१९४५ मध्ये ब्रिटनने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढली. मग छावणी संयुक्त राष्ट्रांच्या मदत संस्थेकडे गेली. ज्यांची गावेच सोव्हिएत हद्दीत गेली होती ते कुठे परतणार? १९४८ पर्यंत बहुतेक लोक इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडाकडे पांगले. आमचे फलटण संस्थानही त्याच वर्षी मार्चमध्ये विलीन झाले. रिकाम्या चाळींत सिंधमधून आलेले निर्वासित राहू लागले आणि गांधीनगर उभे राहिले. डोक्यावर छप्पर, जवळ रेल्वे आणि राहण्याची कायदेशीर हमी एवढ्यावर त्या कष्टाळू लोकांनी पेठ उभी केली. त्याबद्दल आम्हाला आदरच आहे.

मात्र त्याच काळातली दुसरी एक मागणी आम्हाला विसरता येत नाही. जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली होती. अस्पृश्यांसाठी पडीक सरकारी जमिनीवर स्वतंत्र वसाहती वसवा, असा ठराव तिथे बाबासाहेबांच्या उपस्थितीत झाला. १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी तीच मागणी घटनेच्या भाषेत मांडली. डिसेंबर १९४७ मध्ये त्यांनी नेहरूंना पत्र लिहून कळवले की पूर्व पंजाबातल्या निर्वासित छावण्यांतही अस्पृश्यांशी भेदभाव होतो. पाच हजार परक्यांसाठी वळिवड्यात गाव वसले. इथल्या माणसांसाठी मागितलेल्या वसाहती कागदावरच राहिल्या. आम्हाला पोलिश माऊल्यांच्या ओसरीचा हेवा नाही. त्यांनी जे भोगले ते शत्रूवरही येऊ नये.

आता आमच्या तालुक्याचे. नीरा उजव्या कालव्याने इथे बागायत आली, १९३३ मध्ये साखरवाडीला कारखाना आला, नंतर सहकार आला, मोठे इंजिन कारखाने आले. रेल्वे यायला मात्र २०१९ उजाडले. या साऱ्या विकासात जो उसाच्या बांधावर मजुरीला राहिला, त्याचे घर अजून गायरानात आहे. १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला. कितीतरी अर्ज तहसिलात धूळ खात पडले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात सार्वजनिक जमिनी मोकळ्या करण्यास सांगितले. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर वस्त्यावस्त्यांत नोटिसा आल्या. आमच्याकडे त्या नोटिसा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, जपून आणल्या जात. एका म्हातारीने विचारले, "वकीलसाहेब, आम्ही कुठनं आलोय म्हणून आम्हाला काढत्यात?"

जगपाल सिंगच्या निकालपत्राचा शेवटचा भाग अधिकारी सहसा वाचत नाहीत. भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना सरकारी अधिसूचनेने जमीन दिली असेल, किंवा त्या जागेवर आधीच शाळा, दवाखाना वा अन्य सार्वजनिक सोय असेल, तर अपवाद करता येतो, असे तिथे लिहिले आहे. म्हातारीच्या वस्तीत जिल्हा परिषदेची एक खोलीची शाळा आहे. ती खोली कोणत्या साली बांधली, याच्या नोंदीची नक्कल आम्ही माहिती अधिकारात मागितली आहे.