तांबड्या मुंग्या व त्यांचे आश्रित

आंब्यावर तांबड्या मुंग्यांचीं घरटीं दिसतांच तीं जाळून टाकण्याची पुष्कळ बागाईतदारांची रीत आहे. कोंकणांत या मुंगीस ओंबील म्हणतात. फळें उतरविणाऱ्या गड्यास ती कडकडून डसते, हें खरें. तथापि घरटें जाळण्यापूर्वीं त्याच्या आश्रयानें कोण कोण राहतें, हें पाहणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

दिंडोशीस आतां शहर येऊन भिडलें आहे. तरी आरे वसाहतीच्या बाजूच्या झाडांवर अशीं घरटीं पाहावयास मिळतात. कांहीं मुंग्या ओळीनें उभ्या राहून पानांच्या कडा जवळ ओढतात. कांहीं आपल्या अळ्या तोंडांत धरून कोष्ट्याच्या धोट्याप्रमाणें फिरवितात, आणि अळीच्या रेशमानें पानें सांधलीं जातात.

अशा बंदोबस्ताच्या वाड्याभोंवतीं आश्रित जमावयाचेच. एक कोळी हुबेहूब या मुंगीसारखा दिसतो. मुंगीच्या धाकानें त्याचे वैरी दूर राहतात. आसामाकडे आढळणाऱ्या लिफायरा नामक फुलपांखराची अळी तर घरट्यांत शिरून मुंग्यांचीं पिलेंच खाते. तिची पाठ चामड्यासारखी जाड असल्यानें तिला चावा लागत नाहीं.

शेतकऱ्यास भोंवणारे आश्रित निराळे. पिठ्या ढेकूण व खवले किडी गोड चिकट रस सोडतात. त्या रसासाठीं मुंग्या गुरांप्रमाणें त्यांची राखण करितात व त्यांस खाणारे किडे हुसकून लावितात. तो रस सांडून पानांवर काजळी धरते. उलटपक्षीं, काजूवरील ढेकण्यास हीच मुंगी आवर घालते. चीन देशांत तर इ. स. ३०४ च्या सुमाराच्या ग्रंथांत संत्रावर्गीय फळझाडांच्या रक्षणासाठीं हीं घरटीं बाजारांत विकलीं जात, अशी नोंद आहे.

यजमान गेला म्हणजे आश्रितही जातो. इंग्लंडांत एका निळ्या फुलपांखराची अळी जमिनींतील तांबड्या मुंग्यांच्या वारुळांत पोसली जाई. गुरें चारणें कमी झालें, सशांत सांथ पसरली, गवत उंच वाढून जमीन थंडावली, मुंग्या गेल्या. आणि १९७९ मध्यें तें फुलपांखरूं तेथून नाहींसें झालें. पुढें गवत आंखूड राखून व स्वीडनहून बीज आणून तें पुन्हा वसवावें लागलें.

सबब आमची सूचना इतकीच कीं, सरसकट जाळपोळ करूं नये. घरट्यालगतच्या फांद्या तपासाव्या. पिठ्या ढेकूण मातला असेल तेथील फांद्या छाटून नष्ट कराव्या व त्या झाडावरील घरटें काढावें. इतर झाडांवरील, विशेषतः काजूवरील, राखावें. खातें एकाचें आणि वहिवाट अनेकांची, असा हा मामला आहे. पाहणी केल्यावांचून निकाल देऊं नये.