‘साडेतीन टनी’ : थोराड घोडा आणि लहान हॉर्सबॉक्स

शर्यतीचा घोडा शर्यतीच्या गावी पायी चालवीत न्यावयाचा, ही इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतची सर्वसाधारण रीत होती. १८३६ मध्ये लॉर्ड जॉर्ज बेंटिंक यांनी एलिस नावाचा घोडा घोड्यांनीच ओढलेल्या एका बंदिस्त गाडीतून डॉंकास्टरला नेला. इतक्या थोड्या अवधीत तो तेथे पोहोचणे अशक्य आहे, असे गृहीत धरून पैजा लावणारांचा अंदाज साफ चुकला आणि एलिसने सेंट लेजरची शर्यत जिंकली. पुढे रेल्वेचा काळ आला. घोडे वाहणाऱ्या डब्यास इंग्रजीत ‘हॉर्सबॉक्स’ हे नाव मिळाले आणि विसाव्या शतकात तेच नाव मोटारगाडीकडे गेले.

आज ब्रिटनमध्ये एकदोन घोडे बाळगणाऱ्या गृहस्थापुढे जी लहान हॉर्सबॉक्स येते, तिला ‘साडेतीन टनी’ म्हणतात. बहुधा ही मालवाहू व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली असते आणि तिच्यात दोन घोड्यांसाठी दोन कप्पे असतात. अशा गाडीतून ‘सतरा हँड’ उंचीचा थोराड घोडा नेता येईल काय, हा प्रश्न वरवर पाहता यंत्रशास्त्राचा वा पशुवैद्यकाचा वाटतो. तो तसा आहेही. परंतु त्याचे उत्तर चुकते ते बहुधा गणितात नव्हे, तर शब्दांच्या अर्थात. ‘सतरा हँड’, ‘साडेतीन टन’, ‘रिकामे वजन’ आणि ‘दोन घोड्यांची’ या चार शब्दप्रयोगांचा नेमका अर्थ लावणे, हेच या निवडीतील मुख्य काम होय.

१. सतरा हँड

इंग्रजी ‘हँड’चे मराठी भाषांतर ‘हात’ असे केले, तर अनर्थ ओढवतो. मराठीत मापाचा हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी, सुमारे १८ इंच. त्या हिशेबाने सतरा हातांचा घोडा पंचवीस फुटांहून उंच होईल. इंग्रजी हँड ही तळहाताची रुंदी असून ती ४ इंच ठरलेली आहे. म्हणून सतरा हँड म्हणजे ६८ इंच, अर्थात सुमारे १७३ सेंटिमीटर.

या मापाचे लेखनही फसवे आहे. ‘१६.२’ या अंकातील टिंब दशांशचिन्ह नव्हे. त्याचा अर्थ १६ हँड व २ इंच असा होतो. १६.३ नंतर १७ येतात, १६.४ कधीच येत नाहीत. शिवाय ही उंची मान व पाठ जेथे मिळतात त्या खांद्यावरील उंचवट्यापर्यंतच मोजतात. उभ्या घोड्याचे डोके त्याहून बरेच वर असते. तेव्हा ‘सतरा हँड’ या मापातून गाडीचे छत किती उंच हवे, हे थेट निघत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट ही, की उंचीवरून वजन कळत नाही. सतरा हँडांचा सडपातळ थरोब्रेड आणि त्याच उंचीचा शायर जातीचा ओढकाम करणारा घोडा यांच्या वजनांत शेकडो किलोग्रॅमांचे अंतर पडू शकते. काटा जवळ नसेल तेव्हा अजमासासाठी पुढील रीत वापरतात : तंग बांधतात त्या जागी छातीचा घेर मोजावा, खांद्याच्या पुढील टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजावी, दोन्ही मापे सेंटिमीटरांत घेऊन घेराचा वर्ग गुणिले लांबी या गुणाकारास ११,८८० ने भागावे, येणारा भागाकार म्हणजे किलोग्रॅमांतील अदमासे वजन. घेर २१० आणि लांबी १८५ असेल, तर वजन सुमारे ६८७ किलोग्रॅम येते. थोराड घोड्याच्या बाबतीत हा आकडा मुळीच अवास्तव नाही.

२. साडेतीन टन

‘पाच टनी ट्रक’ असे शब्द कानी पडले की ऐकणाराच्या मनात पाच टन माल वाहणारी गाडी उभी राहते. ‘साडेतीन टनी हॉर्सबॉक्स’ या प्रयोगाचा अर्थ तसा नाही. येथे साडेतीन टन म्हणजे ३,५०० किलोग्रॅम हे गाडी, इंधन, माणसे, घोडे व सामानसुमान या सर्वांचे मिळून कायद्याने अनुज्ञेय असलेले कमाल वजन होय.

हा आकडा घोड्याच्या गरजेतून आलेला नाही. तो चालकाच्या परवान्यातून आला आहे. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९९७ पूर्वी मोटारीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना सामान्यतः साडेसात टनांपर्यंतचे वाहन चालविता येते. त्या दिवसापासून पुढे उत्तीर्ण झालेल्यांच्या साध्या परवान्याची सर्वसाधारण मर्यादा मात्र ३,५०० किलोग्रॅम आहे. त्याहून जड हॉर्सबॉक्ससाठी वेगळी परीक्षा द्यावी लागते. म्हणजे ‘साडेतीन टनी’ हे विशेषण मुळात गाडी कोणास चालविता येईल हे सांगते. तीत कोणता घोडा मावेल याविषयी ते मौन पाळते. हे मौन लक्षात न आल्यामुळेच चूक होते.

३. रिकामे वजन

घोड्याच्या वाट्यास काय उरते, ते काढण्यासाठी ३,५०० मधून गाडीचे रिकामे वजन वजा करावयाचे. परंतु ‘रिकामे’ म्हणजे काय? ब्रिटिश कायद्यातील एका संज्ञेनुसार रिकाम्या वजनात इंधन धरीत नाहीत, आणि माणसे वा माल तर नाहीच. ‘चालू स्थितीतील वजन’ ही दुसरी संज्ञा आहे. तीत इंधन आणि ७५ किलोग्रॅमांचा चालक अंतर्भूत असतो. एकाच गाडीचे हे दोन आकडे शंभराहून अधिक किलोग्रॅमांनी भिन्न असू शकतात. विक्रेत्याने सांगितलेले ‘रिकामे वजन’ यांपैकी कोणते, हे विचारल्यावाचून पुढील वजाबाकीला अर्थ राहत नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. इंधनाशिवाय गाडीचे वजन २,४५० किलोग्रॅम आहे असे मानू. म्हणजे शिल्लक १,०५०. त्यातून ८० लिटर डिझेलचे सुमारे ६७, चालक व मोतद्दार यांचे मिळून १४५, पाण्याचे ४०, खोगीर, लगाम, झुली इत्यादींचे ५० आणि वाळल्या गवताचे १५, असे एकूण ३१७ किलोग्रॅम वजा जाता ७३३ उरतात. वर सांगितलेला ६८७ किलोग्रॅमांचा घोडा त्यात बसतो आणि जेमतेम ४६ किलोग्रॅमांची सवड राहते. आता त्याच गाडीत मुक्कामासाठी बिछान्याची व स्वयंपाकाची सोय केल्यामुळे तिचे रिकामे वजन २,६०० झाले, असे समजू. तेव्हा घोड्यासाठी केवळ ५८३ किलोग्रॅम उरतात आणि एकटा घोडाही बेकायदा ठरतो. पहिल्या गाडीत दुसऱ्या कप्प्यात ५०० किलोग्रॅमांचा सोबती उभा केला, तर मर्यादा ४५४ किलोग्रॅमांनी ओलांडली जाते. तात्पर्य, ‘दोन घोड्यांची’ हे वर्णन कप्प्यांच्या संख्येचे आहे, भारक्षमतेचे नव्हे.

४. आस आणि जागा

एकूण वजन मर्यादेत आले म्हणून काम संपले असे नाही. गाडीवरील धातूच्या पट्टीवर एकूण वजनाखेरीज पुढच्या व मागच्या आसावरील कमाल भारही स्वतंत्रपणे नोंदलेले असतात. या लहान गाड्यांत घोडे बहुधा मागे तोंड करून, काहीसे तिरपे उभे राहतात. उभ्या घोड्याच्या वजनाचा सुमारे साठ टक्के भार त्याच्या पुढच्या पायांवर असतो. तोंड मागे असल्यामुळे तो भार गाडीच्या मागील भागाकडे जातो. परिणामी एकूण वजन ३,५०० च्या आत असतानाही मागच्या आसाची मर्यादा ओलांडली जाऊ शकते. याचा दोष मात्र उभे राहण्याच्या या दिशेला देता येत नाही. ब्रेक लागला असता घोड्याचा तोल पुढे जातो, आणि तो डोक्याने वा छातीने न सावरता मांसल पार्श्वभागाने सावरणे त्याला सोयीचे पडते.

जागेचा विचार घोड्याच्या श्वसनाशी निगडित आहे. घोड्याचे डोके दीर्घकाळ वर बांधून ठेवले, तर श्वासनलिकेतील स्राव व धूळ बाहेर पडत नाहीत आणि फुप्फुसाच्या दाहाचा धोका वाढतो; ऑस्ट्रेलियातील संशोधनाने ही गोष्ट स्पष्ट केली आहे. म्हणून छत डोक्याला लागत नाही एवढ्याने भागत नाही. मान खाली घालता येईल इतकी जागा छातीच्या दांड्यापलीकडे असली पाहिजे. युरोपीय संघाच्या २००५ च्या नियमात प्रौढ घोड्यासाठी ०.७ मीटर रुंद व २.५ मीटर लांब अशी जागा दिलेली आहे; पण ती किमान मर्यादा होय. वळणावर पाय फाकून तोल सावरणाऱ्या थोराड घोड्याला ०.७ मीटरची रुंदी अपुरीच पडणार. मधली आडफळी काढून वा सरकवून दोन कप्प्यांचा एक करता येतो काय, हे पाहणे त्याच्या दृष्टीने अगत्याचे ठरते.

तळाकडे अखेर लक्ष द्यावयाचे, पण त्याला कमी लेखून चालणार नाही. रबरी चटईखाली मूत्र मुरून लाकडी फळ्या कुजतात आणि वरून काहीच दिसत नाही. चटई उचलून तळ तपासल्याशिवाय जुनी गाडी घेणे म्हणजे घोड्याचे पाय पणास लावणे होय.

५. निवड

या विवेचनावरून निवडीचा क्रम सहज निश्चित होतो. प्रथम घोड्याचे वजन, शक्य तर काट्यावर, करावे. मग गाडी इंधन, पाणी व नित्याच्या सामानासह, परंतु घोड्याशिवाय, सार्वजनिक वजनकाट्यावर न्यावी आणि प्रत्येक आसाचे वजन वेगळे घ्यावे. त्यानंतर पट्टीवरील आकडे वाचावे. विक्रेत्याचे वर्णन या तिन्हींच्या नंतर. वजाबाकीनंतर सवड राहत नसेल, तर दोन मार्ग उरतात. एक, वेगळी परीक्षा देऊन मोठी गाडी घेणे. दुसरा, मोटारीमागे जोडावयाचा अनुगामी डबा. १६ डिसेंबर २०२१ पासून ब्रिटनमधील साध्या परवान्यावरही ३,५०० किलोग्रॅमांपर्यंतचा असा डबा ओढण्यास मुभा मिळाली आहे. डब्याला स्वतःचे यंत्र वाहावयाचे नसल्याने त्याच्या अनुज्ञेय वजनाचा मोठा भाग घोड्याच्या वाट्यास येतो. मात्र ओढणाऱ्या मोटारीची क्षमता तेवढी असली पाहिजे.

जादा भाराची गाडी रस्त्यावर तपासणीत सापडली, तर तिला पुढे जाण्यास मनाई होऊ शकते आणि चालकाला दंड होतो. परंतु खरे मोल दंडाचे नाही. जादा भाराने ब्रेक उशिरा लागतात, टायर तापतात आणि त्यांचा परिणाम भोगावा लागतो तो ज्याला यांतील एकही आकडा वाचता येत नाही त्या प्राण्याला. संज्ञा सैलपणे वापरण्याची सवय लेखनात केवळ संदिग्धता निर्माण करते. येथे तीच सवय सातशे किलोग्रॅमांच्या जिवाला धोक्यात घालते. म्हणून ‘साडेतीन टनी’ हा शब्द ऐकताच ‘साडेतीन टन कशाचे?’ असा प्रश्न विचारणे, हीच योग्य गाडी निवडण्याची पहिली पायरी होय.