डब्यातल्या अर्ध्या ट्यूबा

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत सासूबाईंच्या कपाटावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा खाली काढला. आत चौदा ट्यूबा निघाल्या. खाजेचे मलम, भाजल्यावरचे मलम, गुडघ्याला चोळायची जेल. तिघींवरची अक्षरे तर पार पुसलेली. टाकायला निघाले तशा सासूबाई म्हणाल्या, "दुड्ड कोट्ट तंदद्दु, चेल्लब्याड!" माझ्या माहेरच्या मराठी घरातही हेच ऐकत मी वाढले. मलम काय नि मुलामु काय, टाकवत नाही ते नाहीच.

पण हाच डबा आम्हाला महागात पडला होता. दोन वर्षांपूर्वी पुतण्याच्या मांडीवर गजकर्ण उठले. सासूबाईंच्या भाषेत हुळुकड्डी. माझ्या इसबासाठी आणलेली अर्धी ट्यूब डब्यात होती, ती त्याने लावली. चार दिवसांत खाज गेली, सगळे खूश. महिन्याभरात चट्टे कमरेपर्यंत पसरले आणि त्यांची गोल कडाही ओळखू येईना. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी आधी "घरातल्या ट्यूबा आणा" असेच सांगितले. त्या मलमात स्टिरॉइड होते. स्टिरॉइडने लाली आणि खाज दबते, पण बुरशी मरत नाही, उलट निवांत पसरते. शिवाय कातडी पातळ होते ते वेगळेच. म्हणून तर 2018 साली सरकारने अशी चौदा स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. घरातल्या डब्याला मात्र चिठ्ठी कोण विचारतो? पुतण्याला बरे व्हायला पाच महिने लागले.

तेव्हा डबा रिकामा करायचा हे ठरले. कसा करायचा, हे मात्र मलाही ठाऊक नव्हते. आधी वाटले, मोरीत पिळून पाणी ओतावे. पण आपल्या मोऱ्यांचे पाणी कुठे जाते? बळ्ळारी नाल्याला, आणि तो वाहतो शहापूर-वडगावच्या भातशेतीतून. बंबात टाकणे तर त्याहून वाईट. बऱ्याच मलमांत पॅराफिन असते, ते भडकते. बंद ट्यूब फुटूही शकते. ओळखीच्या औषध दुकानदाराने हात जोडले. केरळात 2025 साली कोझिकोडला घरातली जुनी औषधे गोळा करायची सरकारी योजना सुरू झाली, तशी सोय आपल्या गल्लीत कुठली!

शेवटी असे केले. हातात प्लॅस्टिकची पिशवी घालून सगळे मलम जुन्या वर्तमानपत्रावर पिळले. त्यात चहाचा चोथा आणि थोडी माती कालवली, म्हणजे कुणाला ते उचलून लावावेसे वाटणार नाही आणि कुत्रेही तोंड लावणार नाही. हे कुत्र्याचे मी उगीच म्हणत नाही. सोरायसिसवरची कॅल्सिपोट्रिऑलची मलमे आणि दुखण्यावरची डायक्लोफिनॅकची जेल कुत्र्याच्या पोटात गेली तर त्याच्या जिवावर बेतते. मग तो गोळा पिशवीत घट्ट बांधला. रिकाम्या ट्यूबा कात्रीने मधोमध कापल्या, चिठ्ठ्यांवरची नावे खोडली, आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळी पिशवी "जुनी औषधे" असे सांगून कचऱ्याच्या गाडीवाल्याच्या हातात दिली. मुदत संपलेली औषधे हा घरगुती घातक कचरा आहे, हे 2016 च्या घनकचरा नियमांतच आले होते. गाडीवाल्याने आधी माझ्याकडे, मग पिशवीकडे पाहिले, आणि ती बाजूला टांगली.

काही औषधे संडासात टाका असे सरकारनेच सांगितल्याचे तुम्ही वाचले असेल. ती यादी मोजक्या, मुख्यतः तीव्र वेदनाशामक औषधांची आहे. आपल्या खाजखरजेच्या मलमांना ती लागू नाही.

मुदतीबद्दल एक राहिलेच. ट्यूबेवर छापलेली तारीख न उघडलेल्या ट्यूबेची असते. एकदा झाकण उघडले की पुष्कळ मलमे त्याआधीच संपवायची असतात. किती दिवसांत, ते खोक्यावर किंवा आतल्या कागदावर लिहिलेले असते. आणि तो कागद आपण पहिल्याच दिवशी फेकतो!

चौदांपैकी एक ट्यूब सासूबाईंनी सोडली नाही. गुडघ्याची जेल, अजून मुदतीतली. तिच्यावर त्यांनी माझ्याकडून उघडल्याची तारीख लिहून घेतली. कन्नड आकड्यांत.