बिनभांडवली स्वप्नांचा ताळेबंद

कोणतीही पेढी उभी राहताना पहिला प्रश्न भांडवलाचा असतो. जागा, माल आणि माणसे यांची तजवीज झाल्यावाचून दुकानाच्या फळ्या उघडत नाहीत. व्हिडिओ गेमच्या जगात मात्र एक निराळीच रीत रूढ आहे. एखाद्या तरुणाच्या मनात भव्य खेळाची कल्पना येते, गाठीशी पैसा नसतो, आणि मग तो जगभरच्या हौशी मंडळींना हाक घालतो : प्रोग्रामर हवेत, चित्रकार हवेत, संगीतकार हवेत, वेतन नाही, परंतु खेळ विकला गेला की नफ्यात वाटा मिळेल. अशा हाकेला ओ देण्याची ऊर्मी संगणक शिकणाऱ्या कोणत्याही हुशार मुलाला वा मुलीला होऊ शकते. त्यामुळे या व्यवहाराची जमा आणि नावे ही दोन्ही बाजू पालकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

कल्पना एकाची, श्रम अनेकांचे

पडद्यावर एक सैनिक चालताना दिसतो. तत्पूर्वी त्याचे चित्र काढावे लागते, त्यावरून त्रिमितीय आकृती घडवावी लागते, तिच्या आत हाडांचा सांगाडा बसवावा लागतो. चालणे, धावणे, पडणे या प्रत्येक हालचालीचे ॲनिमेशन वेगळे. त्यात पावलांचा आवाज मिसळायचा आणि हे सारे एकत्र चालवणारा प्रोग्राम लिहायचा. अशा शेकडो आकृत्या, नगरे, अरण्ये आणि एकाच वेळी खेळणारे हजारो खेळाडू असा संकल्प सोडला की कामाचा डोंगर किती वाढतो, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावयास नको. मोठ्या कंपन्या अशा खेळासाठी शेकडो पगारी माणसे कित्येक वर्षे कामाला लावतात.

हौशी गटात आरंभी उत्साह ओसंडून वाहतो. मग कुणाची परीक्षा येते, कुणाला नोकरी लागते, कुणाचे लग्न ठरते. मुख्य प्रोग्रामर निघून गेला की त्याने अर्धवट लिहिलेले काम दुसऱ्याला उमगत नाही. असे बहुतेक प्रकल्प रीतसर बंदही होत नाहीत. केवळ निरोप येणे थांबते.

तडीस गेलेले आणि बुडालेले

तथापि सर्वच प्रयत्न वाया जातात, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘हाफ-लाइफ’ हा १९९८ सालचा गाजलेला खेळ. तो नव्या तंत्राने पुन्हा घडवावा, या हेतूने चाहत्यांचे दोन गट एकत्र आले आणि ‘ब्लॅक मेसा’चे काम सुरू झाले. २००९मध्ये खेळ येईल, अशी जाहिरात २००८ साली झाली. प्रत्यक्षात तो सप्टेंबर २०१२मध्ये, तोही शेवटच्या भागावाचून, विनामूल्य उपलब्ध झाला. पुढे मूळ खेळाच्या मालकांनी, म्हणजे व्हॉल्व्ह कंपनीने, तो विकण्यास अनुमती दिली आणि मार्च २०२०मध्ये तो पूर्णत्वास गेला. एवढा कालावधी लागूनही काम तडीस गेले, कारण कथा, नकाशे आणि शेवट हे सारे आधीच ठरलेले होते. रोज नव्या कल्पनांची भर घालण्याचा मोह तेथे आवरता आला.

दुसरे उदाहरण ‘झिरो ए. डी.’ या प्राचीन साम्राज्यांवरील खेळाचे. २००१ साली ‘एज ऑफ एम्पायर्स २’ या खेळात फेरफार करण्याची कल्पना निघाली, आणि २००३मध्ये स्वतंत्र खेळच उभारण्याचे ठरले. काही वर्षे बंद दाराआड काम चालले. २००९ साली चालकांनी आपला सारा प्रोग्राम मुक्त परवान्याखाली जगासमोर ठेवला. परिणामी एखादा स्वयंसेवक सोडून गेला, तरी त्याचे काम मागे राहते आणि पुढचा तेथून हाती घेतो. २०१०पासून खेळाच्या कच्च्या आवृत्त्या वर्णानुक्रमे नावे घेऊन प्रसिद्ध होत राहिल्या. ‘झेड’पर्यंत पोहोचून नावे पुन्हा ‘ए’पासून सुरू झाली आणि जानेवारी २०२५मधील आवृत्तीस ‘अग्नी’ हे नाव मिळाले. त्या खेळात चंद्रगुप्त आणि अशोक यांचे मौर्य साम्राज्यही आहे. पैशाच्या बाबतीत मात्र हात आखडलेलेच राहिले. २०१३मध्ये १,६०,००० डॉलरचे आवाहन केले असता सुमारे ३३,००० डॉलर जमले. तेव्हा हा खेळ जगला तो विक्रीच्या आशेवर नव्हे. आरंभापासून विनामूल्य राहण्याचे ठरल्यामुळे सहभागी झालेल्या कुणाचीही फसगत झाली नाही.

‘द डे बिफोर’ या खेळाची कथा याच्या अगदी उलट. तो व्यापारी खेळ होता आणि एके काळी ‘स्टीम’ या विक्रीमंचावर ग्राहकांच्या इच्छायादीत अग्रस्थानी होता. त्याची निर्माती कंपनी ‘फँटॅस्टिक’ विनावेतन स्वयंसेवकांकडूनही साहाय्य घेते आणि मोबदल्यादाखल प्रमाणपत्रे वगैरे देते, ही गोष्ट २०२२मध्ये चर्चेत आली आणि तिच्यावर टीका झाली. ७ डिसेंबर २०२३ रोजी खेळ विक्रीस आला, आणि ११ डिसेंबरला कंपनीने आपला कारभार गुंडाळत असल्याचे जाहीर केले. ग्राहकांना पैसे परत मिळाले. विनामूल्य दिलेले तास मात्र परत करता येत नाहीत.

वाटा कशाचा आणि कुणाचा?

व्यापारी घरात भागीदारी तोंडी होत नाही. भांडवल, वाटा, निवृत्ती, तोटा हे सारे कलमवार लिहिले जाते. ‘नफ्यात वाटा देऊ’ या आश्वासनालाही तीच कसोटी लावली पाहिजे. खर्च वजा जाता नफा कोण मोजणार? अर्ध्यातून निघालेल्याला काय मिळणार? खेळ पूर्णच झाला नाही, तर शून्याचा दहावा हिस्साही शून्यच.

कायद्याची बाजूही महत्त्वाची. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ अन्वये कलाकृतीचा प्रथम मालक सामान्यतः तिचा कर्ताच असतो. नोकरीत केलेल्या कामाची गोष्ट वेगळी. हक्क दुसऱ्याकडे सोपवायचे तर लेखी आणि सहीनिशी सोपवावे लागतात. म्हणजे कागद केला नाही, तर चित्रकाराचे श्रम अधांतरी राहतात आणि प्रकल्पाचेही. उद्या तो चित्रकार ‘माझी चित्रे काढून घ्या’ म्हणाला, तर खेळाचा पायाच निखळतो. शिवाय अठरा वर्षांखालील मुलास कायद्याने करार करता येत नाही, हे प्रकल्प चालवणाऱ्यांनी आणि पालकांनीही ध्यानी ठेवावे.

याचा अर्थ मुलांना अशा उपक्रमांपासून दूर ठेवावे असा नव्हे. चांगल्या गटात शिरलेला विद्यार्थी दुसऱ्याचे काम वाचायला, मुदत पाळायला, टीका ऐकायला शिकतो. ही विद्या पुस्तकात मिळत नाही. फक्त होकार देण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. आज खेळता येईल असा एखादा छोटा भाग तयार आहे का? नायक स्वतः कोणते काम करतो, की केवळ कल्पना सांगतो? मी केलेले काम माझ्या नावासह इतरत्र दाखवता येईल का? आठवड्याला किती तास द्यायचे आणि ते कोणत्या तारखेपर्यंत?

यांची उत्तरे सरळ मिळाली, तर वेळ द्यावा. टाळाटाळ झाली, तर नम्रपणे नकार द्यावा. आणि ज्याला स्वतःच हाक घालायची आहे, त्याने आधी एका खोलीचा, एका पात्राचा, दहा मिनिटांचा खेळ स्वतःच्या हाताने पुरा करावा. तो पाहून जे चार जण येतील, ते भव्य जाहिरात पाहून आलेल्या चाळिसांपेक्षा अधिक काळ टिकतील.