अमेरिकन छापखान्याची मराठी दोलामुद्रिते

अमेरिकन साहित्याच्या दुर्मीळ आवृत्त्या जमवणाऱ्यांमध्ये एका चाळीस पानी पुस्तिकेचा मोठा दबदबा आहे. एडगर अ‍ॅलन पो यांचे हे पहिले पुस्तक, ‘टॅमरलेन’. ते १८२७ साली बोस्टनमध्ये छापले गेले. त्यावर कवीचे नाव नाही, फक्त ‘एका बोस्टनकराकडून’ एवढेच आहे. सुमारे पन्नास प्रती निघाल्या असाव्यात. आज जेमतेम डझनभर ठाऊक आहेत. त्यांतली एक १९८८ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात पंधरा डॉलरला मिळाली आणि लिलावात तिचे १ लाख ९८ हजार डॉलर आले. २००९ मध्ये दुसरी एक प्रत ६ लाख ६२ हजार ५०० डॉलरला गेली.

हे वाचून वाशीम जिल्ह्यातल्या आसेगावच्या वाचकाला वाटेल की हा सारा बोस्टन-न्यूयॉर्कच्या श्रीमंतांचा कारभार, आपला त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो चांगला जुना आहे. ‘टॅमरलेन’ निघण्याच्या दहा वर्षे आधी मॅसॅच्युसेट्समधून आलेल्या अमेरिकनांनी मुंबईत मराठी मजकूर छापायला सुरुवात केली होती. त्या छापखान्याची सुरुवातीची पुस्तके आज मराठीतल्या अत्यंत दुर्मीळ छापील वस्तूंत मोडतात.

गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. तेव्हा इंग्लंड आणि अमेरिका यांच्यात युद्ध चालू होते आणि कंपनी सरकारला मिशनरीही नको होते. त्यांना परत पाठवण्याचे हुकूम निघाले, पण त्याच वर्षी सनदेचा कायदा बदलला आणि त्यांचा मुक्काम टिकला. पुढे छपाई जाणणारे होरेशिओ बार्डवेल आले, कलकत्त्याहून छापयंत्र आणि टाइप आणला गेला आणि मार्च १८१७ मध्ये पहिली आठ पानी मराठी पुस्तिका निघाली. प्रती होत्या १५००. ‘वॉल्डन’चा लेखक थोरो त्या वर्षीच्या जुलैत जन्मला. म्हणजे आज जगभर ज्याच्या पहिल्या आवृत्त्या शोधल्या जातात ते अमेरिकन साहित्य बहुतांशी जन्माला यायचे होते, तेव्हा अमेरिकन छापखान्याची मराठी पाने मुंबईत वाटली जात होती!

मराठी छपाई याहून थोडी जुनी आहे. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण बंगालमधल्या श्रीरामपूरला १८०५ मध्ये छापले गेले, आणि तंजावरात सरफोजी राजांच्या छापखान्यातून १८०६ मध्ये ‘बालबोधमुक्तावली’ निघाली. पण या दोन्ही जागा महाराष्ट्राबाहेरच्या. मुंबईतल्या छपाईला वळण लावण्यात अमेरिकन मिशन प्रेसचा वाटा फार मोठा, आणि तो वाटा पुस्तकांपेक्षाही माणसांमध्ये दिसतो. तिथे तयार झालेल्या टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरीचे सुबक टाइप घडवले. गणपत कृष्णाजी यांनी तो छापखाना पाहिला आणि स्वतःचे लाकडी यंत्र बनवले, शाई स्वतः तयार केली आणि १८३१ मध्ये शिळाप्रेसवर पंचांग छापले. शाईत चरबी असते म्हणून छापील पोथी न शिवणाऱ्यांसाठी त्यांनी तूप घालून शाई केल्याचे सांगतात. जावजी दादाजी लहान वयात याच अमेरिकन छापखान्यात टाइप घासायच्या कामाला लागले. दरमहा पगार दोन रुपये. त्याच मुलाने पुढे स्वतःचा टाइपाचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना उभा केला. निर्णयसागरच्या संस्कृत आवृत्त्या पुढे युरोपातल्या विद्यापीठांपर्यंत गेल्या. माझ्या मते मराठी ग्रंथव्यवहारातली याहून थोर गोष्ट सापडणे कठीण.

मग अमेरिकन छापखान्याची ती सुरुवातीची पुस्तके गेली कुठे? ‘टॅमरलेन’ ज्या कारणाने नाहीसे झाले त्याच कारणाने. पुस्तिका पातळ, बांधणी कच्ची, किंमत नाममात्र किंवा फुकट. फुकट मिळालेली वस्तू कोण जपतो? धर्मप्रचाराची म्हणून काहींनी टाकली, वाचून झाली म्हणून काहींनी दिली, उरलेली पावसाळ्याने आणि वाळवीने नेली. १८६७ मध्ये छापखाने आणि पुस्तकांची नोंदणी यांचा कायदा झाला, त्यानंतर निघालेल्या पुस्तकांचा निदान सरकारदरबारी माग लागतो. त्याआधीची मराठी पुस्तके अभ्यासक ‘दोलामुद्रिते’ म्हणून वेगळी काढतात. अ. का. प्रियोळकर यांनी हा इतिहास चिकाटीने खणला आणि १९५८ मध्ये भारतातील मुद्रणावरचा आपला इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची ‘मराठी ग्रंथसूची’ १९४३ मध्ये प्रसिद्ध केली. जुन्या मराठी पुस्तकाचा शोध आजही त्या सूचीपासूनच सुरू होतो. अमेरिकेत हे काम संस्थेने केले. वूस्टरची अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी १८१२ पासून उभी आहे, आणि जुने अमेरिकन छापील साहित्य मिळेल तेवढे जमवणे हेच तिचे काम. आपल्याकडे ते एकेका माणसाने अंगावर घेतले.

आता प्रत ओळखायची कशी ते पाहू. प्रथम शीर्षकपान. त्यावर छापखान्याचे नाव आणि साल असते, मिशनच्या पुस्तकांवर अनेकदा आवृत्ती आणि प्रतींची संख्याही असते. ओळीवर बोट फिरवावे. खिळ्यांनी छापलेल्या पानाच्या मागे अक्षरांचा दाब बोटाला हलकासा लागतो, शिळाप्रेसचे पान सपाट असते आणि अक्षर लेखणीने लिहिल्यासारखे दिसते. कागदाचाही एक चमत्कार आहे. १८४० च्या आसपासचे पान पुष्कळदा १९४० च्या पानापेक्षा धडधाकट निघते, कारण जुना कागद चिंध्यांच्या लगद्याचा आणि नंतरचा लाकडाच्या लगद्याचा. लाकडी लगद्यातले आम्ल कागदाला आतून खाते, पान पिवळे पडते आणि दुमडले की तुटते. मात्र पान, बांधणी, शीर्षक सगळे ठीक असले तरी एक पान हरवले की प्रतीची किंमत कोसळते. म्हणून पाने मोजल्याशिवाय मत देऊ नये.

अमेरिकेशी जोडलेले आणखी एक मराठी पुस्तक संग्राहकाने डोळ्यांत तेल घालून शोधावे: जोतीराव फुले यांच्या ‘गुलामगिरी’ची १८७३ ची पहिली आवृत्ती. गुलामी नष्ट करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना फुल्यांनी ते अर्पण केले. टॉमस पेन यांचे लेखन त्यांनी वाचले होते. अमेरिकन विचार मराठीत उतरल्याचा याहून मोलाचा छापील पुरावा मला माहीत नाही.

आपल्या वऱ्हाडात मात्र छापील पुस्तक उशिरा पोहोचले. मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला लागली, त्यानंतर पुस्तकांचे गठ्ठे सहज येऊ लागले. पण जपण्याची परंपरा इथे पूर्वापार आहे. वाशीम जिल्ह्यातल्याच कारंज्याच्या जैन भांडारांनी अपभ्रंश काव्यांची हस्तलिखिते शतकानुशतके सांभाळली. हिरालाल जैन आणि प. ल. वैद्य यांनी १९३० नंतरच्या काळात ती संपादून जगापुढे आणली. त्यांत पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ आहे आणि धाराशिवच्या लेण्यांची कथा सांगणारे ‘करकंडचरिउ’ही आहे.

म्हणून आसेगाव आणि आसपासच्या गावांतल्या वाचकांना विनंती: घरातल्या जुन्या पेटीत, पोथ्यांच्या बासनात १८६७ पूर्वीचे छापील पान दिसले तर ते रद्दीत घालू नका. त्याला चिकटपट्टी लावू नका, प्लास्टिकमध्ये बंद करू नका, उन्हात वाळत टाकू नका. स्वच्छ सुती कापडात गुंडाळा, शीर्षकपानाचा फोटो काढा आणि नागपूरच्या विदर्भ साहित्य संघाकडे किंवा मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाकडे चौकशी करा.